नोकरीच्या हमीचा कोर्स आणि नावावर चढलेलं कर्ज

नोकरीची हमी देणाऱ्या आयटी क्लासेसमध्ये होणारी सगळ्यात महागडी फसवणूक शिकवण्यात नसते, फी भरण्याच्या पद्धतीत असते.

'आत्ता काही भरू नका, नोकरी लागल्यावर हप्त्यानं द्या,' असं म्हणत समुपदेशक आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील घेतो. मोबाइलवर लागोपाठ ओटीपी येतात. नोंदणीसाठी लागतात, असं सांगून तो ते विचारून घेतो. त्यातला एक कर्जाच्या करारावरची ई-सही असतो, दुसरा दरमहा खात्यातून पैसे वळते करायची परवानगी, म्हणजे ई-नॅच मँडेट. वडिलांचा ओटीपी मागितला, तर ते सहकर्जदार होतात.

समजा, फी ९०,००० रुपये आहे. वित्तकंपनी ती क्लासच्या खात्यात भरते आणि तुमच्या नावावर ७,५०० चे १२ हप्ते लागतात. 'बिनव्याजी' म्हणतात, कारण व्याजाचा भार क्लास उचलतो. बहुतेक वेळा तो फीमध्येच मिसळलेला असतो. तिसऱ्या महिन्यात शिकवणारे बदलतात, बॅचेस एकत्र होतात, मग शटर खाली. उरलेले ९ हप्ते, म्हणजे ६७,५०० रुपये, तरीही वळते होत राहतात. कर्जाचा करार क्लासच्या करारापासून वेगळा असतो. रागानं मँडेट बंद केलं तरी कर्ज मिटत नाही. दंड लागतो आणि सिबिल स्कोअर घसरतो.

हमीचा मजकूर करारात शोधा. तिथे बहुधा 'प्लेसमेंट सहाय्य' एवढंच सापडतं: तीन मुलाखतींचे कॉल, ८५ टक्के हजेरीची अट, आणि पहिली ऑफर नाकारली की हक्क संपला. ती ऑफर टेलिकॉलिंगचीही असू शकते.

काही जण याहून वाईट सल्ला देतात: दोन वर्षांच्या अनुभवाचं बनावट पत्र. मुलाखत निघून जाते, पण पडताळणीत कंपनी यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाची, सेवा-नोंद मागते. त्या काळातला पीएफ नाही, करखात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये पगारातून कापलेला कर (टीडीएस) नाही, आणि रुजू झाल्यावरही काढून टाकतात. पत्र देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरणपत्र मागा. त्यात वार्षिक खर्चाचा दर आणि कर्ज रद्द करायची मुदत लिहिलेली असते. ॲपवरून घेतलेल्या डिजिटल कर्जाला ही मुदत किमान एक दिवस असते. तेवढ्यात मुद्दल आणि त्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, फार तर प्रक्रिया शुल्क जातं. क्लासनं दाखवलेल्या यशस्वी विद्यार्थ्यांवर विसंबू नका. लिंक्डइनवर त्याच बॅचचे चार जण स्वतः शोधा. हव्या त्या पदाच्या १५ जाहिराती वाचून कौशल्यांची यादी करा. तिच्यातलं बरंच काही स्वस्तात शिकता येतं, हे क्लास सांगणार नाही.

फसलाच असाल, तर आधी क्लासला आणि वित्तकंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. सोबत पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बंद शटरचा फोटो जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर वित्तकंपनीची तक्रार करा. क्लासविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे जमलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दावा करा आणि दोघांनाही प्रतिवादी करा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र २ वर्षांची आहे, आणि 'पुढच्या बॅचमध्ये घेतो' या आश्वासनांत त्यातले महिने सहज जातात.