ॲमस्टरडॅमच्या फूलबाजारातून ट्युलिपचे कंद घेताय? आधी हे वाचा

सिंगेल कालव्यावरचा 'तरंगता' फूलबाजार १८६२ पासूनचा. कोनिंग्सप्लेनपासून मुंटप्लेनपर्यंत दुकानांची एकच रांग, चालत पाच मिनिटांत संपते. ताजी फुलं आता नावापुरतीच. बाकी मॅग्नेट, लाकडी ट्युलिप आणि जाळीच्या पिशव्यांतले कंद. त्या कंदांनी आमचे ६७.५० युरो खाल्ले: ५० कंदांच्या चार पिशव्या, प्रत्येकी १५ युरो, वर 'निळ्या ट्युलिप'च्या बियांचं पाकीट ७.५०.

महिना मे! खरं तर तिथेच ट्यूब पेटायला हवी होती. शेतात ट्युलिप फुललेला असतो तेव्हा नवा कंद अजून जमिनीतच पोसत असतो. तो निघतो जून-जुलैत, लावायचा सप्टेंबर ते डिसेंबर. मग मेमध्ये पिशवीत लटकतं ते काय? गेल्या हंगामाचा उरलेला, सुकलेला माल. पिशवी उचलली तेव्हा हलकी लागलीच होती. एक कंद दाबला तर कांद्याच्या सालीसारखा कुरकुरला. चांगला कंद टणक आणि जड असतो, घेर १२ सेंटिमीटर किंवा जास्त. हे जेमतेम ८ भरले. पण आजूबाजूला सगळेच घेत होते, आणि ट्युलिपच्या देशात ट्युलिपमध्येच फसवतील असं कोणाच्या डोक्यात येणार?

कंद ॲमस्टरडॅमशेजारच्या ॲमस्टलवीनमध्ये नातेवाइकांकडे लावले. नोव्हेंबरात, १५ सेंटिमीटर खोल, टोक वर, पाणी न साचणाऱ्या मातीत. २०० पैकी तिघांना पानं आली. फूल शून्य. निळा ट्युलिप तर जगात नाहीच, आणि बियांपासून फूल यायला पाच-सात वर्षं लागतात.

दुकानदार म्हणतो, पाणी जास्त झालं असेल. पावतीवर नुसतं 'सुव्हेनिर', जातीचं नाव नाही. (पिशवीच्या लेबलाचा फोटो काढाच, पावतीवर 'ट्युलिप कंद' लिहून घ्या.) ग्राहक-तक्रारींची हेल्पलाइन म्हणते, विक्रेत्याला लेखी कळवा. कळवलं. मग तीच हेल्पलाइन म्हणे, कंद मुळातच मेलेला होता याचा पुरावा द्या. कुजलेल्या कंदाचा पुरावा कुठून आणायचा? युरोपात मालावर दोन वर्षांची कायदेशीर हमी आहे म्हणतात, ती कागदावर. बँकेचं उत्तर तर भारीच: पिन तुम्हीच टाकलात, माल मिळाला, तक्रार कसली! संताप याचा की हे गुपित नाहीच. २०१९ मध्ये कंद-उत्पादकांची संघटना आणि महापालिका यांनीच तपासणी करवली होती; या बाजारातल्या ट्युलिप कंदांपैकी जेमतेम १ टक्का फुलले. तरी पिशव्या लटकताहेतच.

कार्डाचं मशीन 'युरो की रुपये' विचारतं तिथे युरोच दाबा. आम्ही रुपये दाबले, ६,४८२ कापले गेले. बँकेच्या दराने ६,०७५ झाले असते. आणि भारतात तर कंद आणूच नका: आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरच जप्त होतात. आणलेच तरी लावण्याआधी १२ ते १६ आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचे, तेही फळांपासून लांब. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलिनने आतली कळी मरते.