नकाशावर गाडी दिसत होती, सळया मात्र वाटेतच उतरल्या

कारखान्यातून थेट लोखंडी सळया मागवणाऱ्या विक्रेत्यांसाठी हा अनुभव मुद्दाम लिहीत आहे, कारण आमच्या मालाची चोरी झाली तेव्हा गाडीचा माग चालू होता आणि वजनकाट्याची पावतीही बिनचूक होती.

माल निघताच वाहतूकदाराने मोबाइलवर लिंक पाठवली आणि कारखान्यापासून गोदामापर्यंत गाडीचा ठिपका आम्हाला दिसत राहिला. रात्री तो एका जागी बराच वेळ थांबला होता, परंतु टायर पंक्चर झाल्याचे सांगण्यात आले आणि ठिपकाही महामार्गावरच असल्यामुळे ते कारण पटण्यासारखे होते. गाडी आल्यावर भरलेल्या गाडीचे वजन केले, ते कारखान्याच्या पावतीशी जुळले आणि पुढची भराई गाठायची असल्याची घाई करत चालकाने पोचपावतीवर सही घेतली.

पुढे ग्राहकाचा माल काढताना 12 मिलिमीटरच्या बंडलांत सळया कमी भरू लागल्या. ज्या बंडलांत तूट होती, त्यांची बांधणीची तार इतरांसारखी यंत्राने आवळलेली नसून हाताने पिळलेली होती, आणि बिल्ल्यावर छापलेला नगांचा आकडा प्रत्यक्ष मोजणीशी जुळत नव्हता.

मग वजन जुळले कसे? निव्वळ वजन म्हणजे भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून येणारा आकडा, आणि रिकाम्या गाडीचे वजन आम्ही कारखान्याच्या पावतीवरूनच धरत होतो. कारखान्यात गाडी जवळजवळ कोरड्या टाकीने तोलली गेली असेल आणि वाटेत 300 लिटर डिझेल भरले असेल, तर तेवढ्यानेच सुमारे 250 किलो वजन वाढते. सळईच्या व्यासाच्या मिलिमीटरमधील आकड्याचा वर्ग करून त्याला 162 ने भागले की एका मीटरचे वजन किलोत मिळते; त्या हिशेबाने 12 मिलिमीटर व्यासाची आणि 12 मीटर लांबीची सळई साधारण 10.67 किलोची भरते. म्हणजे एका टाकीच्या आडोशाने तेवीस सळया गायब होऊ शकतात आणि काटा तरीही खरेच बोलत असतो. पाण्याचे पिंप, जादा चाक किंवा तोलताना केबिनमध्ये बसून राहिलेली माणसे यांनीही तूट झाकता येते. रिकामी झालेली गाडी त्याच काट्यावर पुन्हा तोलली, तर हा सगळा बनाव तिथल्या तिथे उघडा पडतो. वाहतूकदाराला घाई असते ती नेमकी हे दुसरे वजन टाळण्याची.

नकाशाचे कोडे चौकशीनंतर सुटले. आम्ही ज्याला गाडीचा माग समजत होतो तो प्रत्यक्षात चालकाच्या सिमकार्डाचा माग होता. मोबाइल टॉवरवरून काढलेले स्थान काही शे मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकते, त्यामुळे रस्त्यापासून आत असलेल्या एखाद्या आवारात उभी असलेली गाडीही महामार्गावर थांबल्यासारखी दिसते. गाडीत पक्के बसवलेले जीपीएस यंत्र उघड्या आकाशाखाली काही मीटरपर्यंत अचूक असते आणि इंजिन केव्हा बंद झाले याची नोंदही अनेक यंत्रे ठेवतात. लिंक कोणत्या पद्धतीची आहे हे गाडी भरण्यापूर्वीच विचारावे, आणि उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर माझ्या मते तीच सर्वांत मोठी खूण समजावी. अर्थात उत्तम जीपीएससुद्धा गाडी कुठे आहे एवढेच सांगते, गाडीत काय उरले आहे हे नाही.

आमची तक्रार वाहतूकदाराने ‘माल पूर्ण मिळाला’ या छापील ओळीखालची सही दाखवून फेटाळली, आणि माल फाटकाबाहेर पडल्यावर आपली जबाबदारी संपते, असे कारखान्याने कळवले. आता ती छापील ओळ खोडून ‘बंडलांची मोजणी व रिकाम्या गाडीचे वजन बाकी’ असे लिहिल्याशिवाय आमच्या गोदामात पोचपावतीवर सही होत नाही, आणि काही चालक त्यावरून वाद घालतात.