जपान ग्रुप टूर: बिझनेस हॉटेल, रियोकान की अपार्टमेंट? आणि मग बॅग कशी भरायची

जपानला ग्रुपने जायचं ठरलं की सगळे आधी बॅगेचंच विचारतात, किती किलो, कपडे किती, पण माझं म्हणणं आधी राहणार कुठे ते ठरवा, बॅग त्यावरून ठरते. मी तोक्यो, हाकोने (तोक्योजवळचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण), क्योतो, ओसाका हा नेहमीचा रूट धरून सांगतेय, आणि ग्रुप म्हणजे आठ-दहा जण, त्यात दोन-तीन ज्येष्ठ आणि निम्मे शाकाहारी.

बिझनेस हॉटेल: तोयोको इन, आपा, डॉर्मी इन ही नावं मोठ्या स्टेशनांजवळ हमखास दिसतात. रूम बारकी, बऱ्याचदा ११ ते १५ चौरस मीटर, दोन मोठ्या सुटकेस उघडल्या की बाथरूमकडे जायला वाट राहत नाही. डबल रूम म्हणजे बहुतेक वेळा १४० सेंटिमीटरचा एकच बेड, त्यामुळे आई-बाबांसाठी ट्विनच घ्या. बाकी सोय एकदम चोख, लिफ्ट आहे, जेट असलेलं कमोड आहे, किटली, टूथब्रश, शाम्पू, टॉवेल, बहुतेक ठिकाणी रात्री घालायचे कपडे पण मिळतात आणि नाणी टाकून चालणारं वॉशिंग मशीन असतं, म्हणजे चार-पाच दिवसांचे कपडे घेतले की पूर्ण टूर निघते. तोयोको इनला नाश्ता भाड्यातच येतो.

रियोकान, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीचं हॉटेल: इथे भाडं रूमचं नाही, माणशी असतं, आणि बहुतेक वेळा रात्रीचं जेवण आणि नाश्ता त्यातच. तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, फुतोन (गादी) घालून खाली झोपायचं, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असेल तर बेडवाली रूम आहे का ते बुकिंगच्या आधीच विचारा. जेवणाची वेळ ठरलेली, साधारण सहा-सात, उशिरा पोचलात तर जेवण गेलं. शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा, नुसतं 'मासे नकोत' सांगून भागत नाही कारण सूप, भाज्या, सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठी वापरलेला स्टॉक, असते आणि ती बहुतेक वेळा बोनितो माशाचीच, म्हणून दाशी पण चालणार नाही असं बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा, काही रियोकान सरळ नाही म्हणतात आणि ते आधी कळलेलं बरं. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याच्या सामायिक बाथमध्ये, बायका-पुरुष वेगळे पण कपडे न घालताच उतरायचं, ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी काशिकिरी म्हणजे फक्त आपल्यापुरता बाथ मिळतो का ते बघा. एवढं सगळं असूनही एक रात्र तरी राहाच, जपानी घरातली ती शांतता आणि गरम पाणी हॉटेलात मिळत नाही.

अपार्टमेंट: किचन मिळतं, सगळे एकत्र राहतात, जैन किंवा कडक शाकाहारी ग्रुपला किंवा लहान मुलं असतील तर हेच बरं. पण बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नसते, कचरा वेगवेगळा करावा लागतो, आणि रिसेप्शन नसल्यामुळे सकाळी लवकर पोचलात तर बॅगा ठेवायच्या कुठे हा प्रश्न उरतोच. अपार्टमेंट पाहुण्यांना भाड्याने द्यायचा लायसन्स नंबर दिलाय का ते बघूनच पैसे भरा.

आता बॅग. तोक्यो-क्योतो शिंकानसेनमध्ये (बुलेट ट्रेन) लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग गेली तर त्यासाठीची सीट आधीच रिझर्व्ह करावी लागते, वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर १००० येन. चाकं आणि हँडल धरून टेपने मोजा. माझ्या मते सगळ्यात सोपं म्हणजे ताक्क्यूबिन ही कुरिअर सेवा, तोक्योच्या हॉटेलच्या काउंटरवरून मोठी बॅग क्योतोच्या हॉटेलला पाठवायची, साधारण दुसऱ्या दिवशी पोचते, आणि हाकोनेच्या रियोकानला फक्त पाठीवरची सॅक. तातामीवर चाकाची बॅग ओढायची नसते, त्यामुळे तसंही बरंच पडतं.

खाऊ: लाडू, खाकरा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी न्या, पण मांस असलेलं काहीही नको, आणि ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता पण नको. काही संपलंच तर तोक्योत निशी-कासाई भागात भारतीय किराणा मिळतो. औषधांचं मात्र मनावर घ्या, सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन किंवा कफ सिरपमध्ये कोडीन असेल तर जपानचे नियम कडक आहेत, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं, फोनचा चार्जर अडॅप्टर लावून चालतो, आपला इलेक्ट्रिक कुकर किंवा हेअर ड्रायर नाही. बूट लेसवाले नकोत, जागोजागी काढावे लागतात.

मला विचाराल तर बाकी सगळ्या रात्री स्टेशनपासून चालत जाता येईल अशा बिझनेस हॉटेलला आणि हाकोनेत एक रात्र रियोकान. अपार्टमेंट फक्त स्वयंपाक करणारच असाल तर. आणि बुकिंगची सुरुवात रियोकानपासूनच करा, तिथे रूम मोजक्याच असतात, साकुराच्या (चेरीच्या बहराच्या) म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीच्या तारखांना तर पाच-सहा रूम एकत्र मिळणं फार अवघड जातं.