फास्ट की स्लो?

ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर. फास्ट लोकल साधारण ४० मिनिटांत पोचवते, स्लोला तासभर लागतो. म्हणजे वाचतात जेमतेम २० मिनिटं. पण सकाळची फास्ट कल्याण-डोंबिवलीहूनच खच्चून भरून येते. एका पायावर उभं राहायचं, बॅग पोटाशी धरायची, आणि घाटकोपरला रेटारेटी सुरू झाली की श्वाससुद्धा विचारून घ्यायचा. ठाण्याहूनच सुटणाऱ्या स्लोत मात्र बसायला मिळतं, निदान तिघांच्या बाकावर टेकायपुरती चौथी सीट तरी. नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहार करत गाडी रमतगमत जाते. तेवढ्यात एक डुलकी होते. ऑफिसात पोचल्यावर डोकं ठिकाणावर असतं.

मस्टर गाठायचं असेल तर फास्टच. एरवी माझं मत स्लोला. फक्त घरून २० मिनिटं आधी निघायला हवं, आणि घोडं तिथेच अडतं.