ढास नाकाची की छातीची? स्प्रे घ्यावा की पंप?

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू झाली की आपल्याकडं घरोघरी ढास लागते. मळणीयंत्राचा भुस्सा, बांधावरचं फुललेलं गाजरगवत, वर पहाटेचा गारवा. मग मेडिकलवरून खोकल्याची बाटली येते, ती संपते, दुसरी येते. मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांवर गेला तर तो जुनाट धरतात, आणि तिथं बाटलीचं काम नसतं.

ॲलर्जीकडं वळण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्या. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची टीबी तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आणि रामिप्रिल किंवा एनालाप्रिल ही बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. तिच्यानंही कोरडी ढास लागते. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

आता नाक. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, डोळ्यांना खाज, घशात काहीतरी ओघळतंय म्हणून सारखं खाकरणं, अशी ही ढास. तिला फ्ल्युटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला स्प्रे लागू पडतो. पण तो रोज मारायचा, आणि पुरता गुण यायला एक-दोन आठवडे जातात. लोक तिसऱ्या दिवशीच सोडून देतात, तिथंच फसतं. जोडीला गोळी घ्यायची तर सेट्रिझिननं झोप येते. ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं फेक्सोफेनाडिनबद्दल विचारावं.

छातीची ढास रात्री उठवते. पळल्यावर, हसल्यावर, गार हवेत वाढते. घरघर नसली तरी हा दमा असू शकतो, म्हणून नुसता स्टेथोस्कोप लावून ‘छाती साफ आहे’ म्हटलं तरी गाफील राहू नका. फुंकून करायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. औषधाचा वाफारा घेतल्यावर पहिल्या सेकंदातली फुंक १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनं वाढली तर दम्याचा संशय पक्का होत जातो. तब्येत बरी असलेल्या दिवशी मात्र ही तपासणी नॉर्मलही येते. इलाज स्टेरॉइडच्या पंपाचा, म्हणजे तोंडानं औषध आत ओढायच्या इन्हेलरचा. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती मला तरी बाटल्यांपेक्षा महाग वाटते; पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळीतला मिलिग्रॅममध्ये. पंप घेतल्यावर चूळ तेवढी भरा. नाक आणि छाती दोन्ही बिघडलेले पुष्कळ असतात, त्यांना दोन्ही औषधं लागतात.

ॲलर्जी आणि दम्यावरची मॉन्टेलुकास्टची गोळी सोपी म्हणून सर्रास दिली जाते. लेकराला ती चालू असताना वाईट स्वप्नं पडू लागली, चिडचिड वाढली, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

हातावर टोचून करायची ॲलर्जी तपासणी? भुस्स्यात गेल्यावरच खोकला येतो हे दिसत असेल तर मी आधी एन-९५ मास्क घेईन. गमछ्यातून बारीक धूळ आत जातेच. ॲलर्जीची इंजेक्शनं तीन ते पाच वर्षं चालतात. स्प्रे-पंपानं भागत नसेल तेव्हा त्यांचा विचार.

जिनिंगवर राबणाऱ्यांचं जरा वेगळं आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळून येत असेल तर तो कापसाच्या धुळीचा आजार असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना खोकल्याआधी आपलं काम सांगा.