चांगदेव चतुष्टय : आधी ‘बिढार’, मग बाकीचे

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘चांगदेव चतुष्टया’तील चारही कादंबऱ्या क्रमाने वाचाव्यात का, असे कोणी विचारले तर ‘बिढार’ वाचल्याशिवाय पुढच्या तिघींना हात लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मी स्वतः तसे केले नाही. दादरच्या ज्या वाचनालयाची मी वर्गणीदार होते, तिथे ‘बिढार’ नेहमी कोणीतरी नेलेली असे. म्हणून मी ‘जरीला’ घरी आणली आणि डोंबिवली ते दादर या रोजच्या प्रवासात, बहुतेक वेळा उभ्यानेच, ती वाचून संपवली. महाविद्यालयातले राजकारण आणि जातीपातींचे हिशेब मला नीट कळत होते, पण चारही पुस्तकांचा नायक असलेला हा प्राध्यापक, चांगदेव पाटील, माणसांत असूनही इतका तुटलेला का आहे, हे उमगत नव्हते. तो मला नुसता कुरकुरा वाटला.

हा माझ्याकडून झालेला अन्याय होता, हे ‘बिढार’ हाती आल्यावर समजले. ही मुंबईची कादंबरी आहे. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांच्या, म्हणजे ठरावीक वेळापत्रकाशिवाय निघणाऱ्या छोट्या वाङ्मयीन मासिकांच्या, चळवळीत नेमाडे स्वतः होते, ‘वाचा’ हे अनियतकालिक त्यांनी चालवले, आणि त्या दिवसांची सारी धग या पानांत आहे : मित्रांच्या न संपणाऱ्या चर्चा, साहित्यावरचा जीव, खिशातली आणि जागेची कायमची चणचण. हे सगळे मागे टाकून चांगदेव पाटील परगावी इंग्रजी शिकवायला जातो. त्याने काय गमावले, हे आपण जवळून पाहिलेले असते, त्यामुळे पुढे प्रत्येक नव्या गावात त्याचे एकटेपण वेगळे सांगावे लागत नाही. पाठीवर संसार घेऊन फिरणे हा ‘बिढार’ या शब्दातला अर्थ चारही पुस्तकांना पुरतो.

‘बिढार’ आणि ‘हूल’ १९७५ साली आल्या, ‘जरीला’ १९७७ मध्ये आणि ‘झूल’ १९७९ मध्ये. आज चारही एकदम मिळतात, तरी त्या सलग संपवू नयेत असे माझे मत आहे. पहिल्या दोन लागोपाठ वाचाव्यात, मग थोडे थांबावे, कारण गाव बदलले तरी संस्थाचालक, हेवेदावे आणि भाड्याची खोली पुन्हा पुन्हा समोर येतात आणि घाईत वाचणाऱ्याला तो तोचतोचपणा वाटू शकतो. नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी आधी वाचलीच पाहिजे असे मात्र नाही. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर वेगळा आहे.

‘झूल’ संपवल्यावर मी पुन्हा ‘जरीला’ काढली. पूर्वी ज्या पानांवर मी चांगदेववर वैतागले होते, त्याच पानांवर आता मला त्याचे मुंबईतले मित्र आठवत राहिले, आणि दादर कधी आले ते कळले नाही.