साध्या मशीनवर फ्री मोशन क्विल्टिंग: सात महिन्यांनंतर

श्रावणात सुरू केलं, आता माघ संपत आला. एक बाळाचं दुपटं, सोफ्यावर टाकायची दोन पांघरुणं आणि एक अर्धवट गोधडी, एवढा माझा हिशोब. मशीन साधं मोटरवालं, दहा वर्षांपूर्वी फॉल-पिकोसाठी घेतलेलं.

नेहमीच्या शिवणात सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात. फ्री मोशन क्विल्टिंगमध्ये, म्हणजे कापडाचे थर मोकळ्या हाताने फिरवत एकत्र शिवताना, ते खाली पाडायचे, डार्निंग फूट (रफू करायचा फूट) लावायचा आणि दोन्ही हातांनी कापड हवं तसं फिरवायचं. पेन्सिल जागेवर धरून कागद फिरवावा तसं. टाका किती लांब पडणार हे मग पायडलवरचा पाय आणि कापडावरचा हात मिळून ठरवतात. त्या दोघांची गट्टी जमायला मला दीड महिना लागला. पाय जोरात नि हात हळू, की टाके मुंगीएवढे. हात पुढे पळाला की पाव इंचाचे.

पहिले पंधरा दिवस उलट्या बाजूला नुसतं दोऱ्याचं जाळं. मी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याच्या डबीचा) स्क्रू पिळत बसले आणि तिचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, पार बिघडवून ठेवलं. चूक वरच्या दोऱ्याची होती. हा फूट कापडाला घट्ट दाबत नाही, जरा अधांतरीच असतो, त्यामुळे फूट वर-खाली करणारा दांडा खाली करायचा राहिलाय हे लक्षातच येत नाही. दांडा वर असला की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात, दोरा धरत नाहीत, आणि सगळा ढिला दोरा खाली जमा होतो. दोरा ओवताना मात्र दांडा वरच हवा, नाहीतर दोरा चकत्यांमध्ये बसत नाही. शिवताना खाली, ओवताना वर. मी मशीनवर चिठ्ठीच चिकटवली आहे. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घेऊन दोन्ही टोकं धरली तर तिथला गुंताही होत नाही.

सुया आठ तुटल्या. सगळ्या माझ्या ओढाओढीने, कारण सुई कापडात असताना हिसका दिला की ती वाकून खालच्या लोखंडी पट्टीवर आपटते. आता १४ नंबरची वापरते. मोटर तासाभरात तापते. दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितलं, "ताई, दर वीस मिनिटांनी तिला चहा पिऊ द्या." दर दोन बॉबिनांनंतर दात्यांखालचा कापसासारखा भुसा काढते, अर्धा डबा निघतो म्हटलं तरी चालेल.

कापड नाशिकच्या मेन रोडवरून आणलेलं सुती, मध्ये जुनी सोलापुरी चादर. आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळं आक्रसतं. टेरिलीनच्या साड्यांच्या थरांवर मी हात टेकले, खालचा थर सरकतोच, मग दर चार बोटांवर सेफ्टी पिन का लावेना. पकडीसाठी रबरी ठिपक्यांचे हातमोजे घेतले, रविवार कारंज्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून. क्विल्टिंगचे म्हणून जे महागडे विकतात त्यांची मला तरी गरज पडली नाही.

दुपट्यावर मी हौसेने अर्ध्या अर्ध्या इंचावर वेलबुट्टी भरली. सासूबाईंनी हातात घेऊन वाकवून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे दुपटं आहे की पुठ्ठा?" खरंच होतं ते. दाट शिवलं की कापड ताठ होतं, अंगाला लपेटत नाही. गोधडीचा धावदोरा विरळ असतो म्हणून ती मऊ राहते, हे नऊवारी लुगड्यांच्या घरात वाढूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या पांघरुणांवर वळणं एकमेकांपासून तीन बोटं लांब ठेवली.

घ्यावं का हा छंद? दुपटी, उश्यांचे अभ्रे, टेबलावरची आच्छादनं यांसाठी जरूर. डबल बेडची गोधडी मात्र या मशीनवर करू नका. सुई आणि मशीनचा खांब यांच्यामध्ये माझ्याकडे जेमतेम साडेसहा इंच जागा आहे, आणि मधला भाग सुईखाली घ्यायचा तर अर्धी गोधडी गुंडाळून त्यातच कोंबावी लागते. निफाडला पारा घसरला त्या आठवड्यात ती पूर्ण करायची म्हणून मी खांदे दुखेपर्यंत झगडले. कडा झाल्या, मधोमध हातभर चौकोन राहिला. दुपारी गच्चीवर उन्हात बसून सासूबाई तिथे धावदोरा घालतायत.